बी.एस्सी. केमिस्ट्री झालंय, गोव्यात फोंड्याला राहतो. वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांना रेझ्युमे पाठवतो, पण मुलाखतीला बोलावणं येत नाही. प्रोजेक्ट म्हणून 'वॉटर अ‍ॅनालिसिस' लिहिलंय. काय बदलू?

मी वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये काम करतो. फ्रेशरची जागा निघाली की एचआरकडून रेझ्युमे आमच्याकडे येतात, म्हणून हे मनापासून सांगतो.

ऑब्जेक्टिव्हचा परिच्छेद, वडिलांचं नाव, धर्म, छंद, खालचं डिक्लरेशन, सगळं काढा. मोकळी झालेली जागा प्रोजेक्टला द्या. तुम्ही नुसतं 'वॉटर अ‍ॅनालिसिस' लिहिलंय. पाणी कुठलं, नमुने किती, तपासलं काय? विहिरीच्या पाण्याचा हार्डनेस (जडपणा) ईडीटीए टायट्रेशनने काढला असेल तर तसं लिहा, सोल्यूशन स्वतः बनवून स्टँडर्डाइझ केलं असेल तर तेही. फ्रेशरला सगळी यंत्रं चालवता येतील अशी आमची अपेक्षाच नसते. हात प्रयोगाला सरावलाय का आणि रीडिंग घेतल्या घेतल्या नोंदवायची सवय आहे का, एवढं बघतो, कारण औषधांच्या कामात जे नोंदलं नाही ते केलंच नाही असं धरतात. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लांबूनच पाहिलं असेल तर 'डेमो पाहिला' असंच लिहा. 'येतं' म्हणालात की मोबाइल फेज, कॉलमचे प्रश्न येणारच, आणि तिथे अडखळलात की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

दुसरं, फोंड्याचा पत्ता बघितला की सकाळच्या शिफ्टला हा पोचणार कसा, हा विचार येतोच. फोन नंबरखालीच लिहा: तिन्ही शिफ्टला तयार, स्वतःची दुचाकी आहे, लगेच रुजू होऊ शकतो. (खरं असेल तरच.) आणि वेर्ण्यावरच का अडलात? कुंडई, बेतोडा, मडकई तुमच्याच तालुक्यात आहेत. तिथल्या कारखान्यांतही लॅब असतात, आणि वर्षभराचा अनुभव गाठीला आला की वेर्ण्यात तुमच्या अर्जाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

दोन रकान्यांचं रंगीत टेम्प्लेट नको, रेझ्युमे छाननीची काही सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उलटसुलट वाचतात. साधं एक पान, पीडीएफ, फाइलला तुमचं नाव आणि पद.

गोवा सरकारच्या जागांचं गणित निराळं. तिथे १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान मागतात, तेव्हा दाखल्याचं काम आतापासूनच मार्गी लावा.