दिवसभर खोल समुद्रात गरवायला जाताना

दिवाळी उलटली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. बोट ठरवून दिवसभर खोल समुद्रात गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायचंय, काय पाहावं, काय विचारावं, अशी पत्रं येऊ लागतात. मी मालवणच्या दांडी किनाऱ्यावर वाढले. बाबा तांडेल, म्हणजे बोट नेणारे, होते, आता भाऊ आहे. आमच्या बोटीवर येणाऱ्या पाहुण्यांशी बोलणं आणि बर्फ, डिझेल, आमिष यांची व्यवस्था पाहणं माझ्याकडे असतं. त्यामुळे या पत्रांना थोडक्यात उत्तर देणं मला जमत नाही.

आम्ही पाच मित्र जानेवारीत मालवणला येतोय. पूर्ण दिवसाची बोट घ्यायची आहे. मोबाइलवर सगळ्याच बोटींचे फोटो देखणे दिसतात, दरांत मात्र खूप फरक आहे. चांगली बोट कशी ओळखायची? (एक वाचक, पुणे)

बोट नंतर बघा, आधी तांडेल बघा. फोनवर तुम्ही ज्याच्याशी बोलता तो बहुतेक वेळा तांडेल नसतोच. आमच्याकडेही फोन मीच घेते. म्हणून पैसे पाठवण्याआधी ‘प्रत्यक्ष बोट नेणार कोण, त्यांच्याशी दोन मिनिटं बोलू द्या’ असं सांगा. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे विचारा.

बोलणं झालं की त्याला विचारा, आम्ही येतो त्या दिवशी तिथी कोणती आणि पाणी कसं असेल? जाणता तांडेल याचं उत्तर लगेच देईल. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त. तळाशी सोडलेली गरी, म्हणजे आमिष लावलेला गळ, एका जागी राहत नाही, वजन वाढवत बसावं लागतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंद वाहतं. खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, नांगर टाकून तांबोशी किंवा गोबऱ्यासाठी बसायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. तुमची तारीख उधाणात येत असेल तरी बिघडत नाही; तांडेल त्या दिवसाचं नियोजन वेगळं करील, एवढंच. तो ‘कधीही या, रोज सारखंच’ म्हणाला, तर मी माझ्या माणसांना त्या बोटीवर पाठवणार नाही.

जानेवारी चांगला आहे. पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र शांत असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा उठतो. म्हणूनच आम्ही अंधारात निघतो. पाहुण्यांना पहाटे साडेचारची वेळ सांगितली की ‘सात वाजता नाही का चालणार?’ असं हमखास विचारलं जातं. नाही चालणार. सात वाजता निघाल्यावर जागेवर पोहोचेपर्यंत सकाळचं शांत पाणी हातातून गेलेलं असतं आणि परतीचा सगळा प्रवास वाऱ्यात होतो. मार्चपासून वायव्येचा वारा दुपारी जोर धरतो, तेव्हा तर पहाटेचे तासच कामाचे.

कागदांचं विचारायला संकोच करू नका. मासेमारीचा परवाना वेगळा आणि माणसं नेण्याची परवानगी वेगळी; दुसरी महाराष्ट्र सागरी मंडळाकडून घ्यावी लागते. बोटीवर नोंदणी क्रमांक स्पष्ट रंगवलेला हवा. जितकी डोकी तितकी लाइफ जॅकेट हवीत, आणि ती खणात कोंबलेली नकोत, अंगात घालून पट्टे आवळलेली हवीत. किनारा दिसेनासा झाला की मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून व्हीएचएफ वायरलेस चालू आहे का ते बंदरातच बघा. त्याच्या १६ नंबरच्या चॅनलवर संकटाची हाक देतात. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरी राहणाऱ्या माणसाकडे लिहून ठेवा, सोबत बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि परतायची वेळ. हैदराबादची इन्कॉइस संस्था रोज लाटांच्या उंचीचा आणि वाऱ्याचा अंदाज देते, हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे काढतं. आदल्या संध्याकाळी दोन्ही बघा आणि तांडेलाशी त्यावर बोला. त्याला राग येणार नाही.

दर पूर्ण बोटीचा असतो. त्यात डिझेल, बर्फ, आमिष, रॉड-रील, जेवण यांतलं काय धरलंय ते विचारा, म्हणजे फरक का आहे ते कळेल. मासळी कोणाची, हेही आधीच ठरवा. काही बोटींवर सगळी मासळी पाहुण्यांची असते, काहींवर खाण्यापुरती पाहुण्यांना देऊन उरलेली बोटीची. दोन्ही पद्धती रास्त आहेत. धक्क्यावर टोपलीभोवती उभं राहून ठरवणं मात्र कुणालाच शोभत नाही.

दिवस साधारण असा जातो. जाताना बोट चालती ठेवून मागे ल्यूर, म्हणजे नकली आमिष, ओढतात, त्यावर सुरमई, कुपा, कधी टोळ लागतो. सुरमईचे दात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सहज कापतात, म्हणून गळाच्या वर तारेचा तुकडा लागतो. स्वतःचं सामान आणणार असाल तर तो विसरू नका. मग खडपावर थांबून म्हाकूल किंवा बांगड्याचे तुकडे लावून गरी खाली सोडायची. तळ लागला की हात-दोन हात वर उचला, नाहीतर ती खडपात अडकते. मला स्वतःला हे दुसरं गरवणं अधिक आवडतं. तंगूस बोटावर धरून बसलं की वीस वाव, म्हणजे सुमारे एकशेवीस फूट, खाली मासा आमिषाला नुसतं तोंड लावतोय की खरंच गिळतोय, हे बोटाला कळायला लागतं. पाचांपैकी एकाला तरी हे शिकून घ्यायला सांगा.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती मात्र गरी टाकायचा हट्ट धरू नका. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा तिथेच आहे. खाली प्रवाळ आहे, त्यावर नांगर पडला की ते मोडतं.

मुलांची शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात जाता येईल का? (एक वाचक, सांगली)

नाही. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा हा काळ, आणि समुद्रही नौका घालण्यासारखा नसतो. ‘ओळखीत सोय करतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला दोनदा नाही म्हणा. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ दिल्यानंतरही आमच्याकडची जुनी माणसं लाट बसायची वाट पाहतात. तुम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत या, पण त्या महिन्यात अरबी समुद्रात चक्रीवादळं उठू शकतात, म्हणून तारीख बदलायची तयारी ठेवून या.

गेल्या मोसमात आम्ही चौघांनी एका बोटीला पूर्ण दिवसाचे पैसे दिले. ‘सुरमई नक्की’ असं सांगितलं होतं. मिळाले दोन कोकर आणि थोडे बांगडे. साडेअकराला तांडेलाने बोट वळवली. आकाश स्वच्छ होतं. ‘वारो फिरलो’ एवढंच तो म्हणाला. निम्मे पैसे परत मागायला हवे होते का? (निवृत्त बँक अधिकारी, नागपूर)

तुमचं पत्र मी भावाला वाचून दाखवलं. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘बोट केवढी होती?’ ते तुम्ही लिहिलेलं नाही, तरी तुमची नाराजी मला समजते. नागपूरहून येणं, सुट्टी, पैसे, सगळंच मोठं असतं.

पण स्वच्छ आकाशावरून समुद्र कळत नाही. दूर कुठेतरी वारा सुटलेला असतो, त्याची फुगलेली लाट आपल्याकडे निळ्या आभाळाखाली येते. वरून वारा फिरला आणि तो पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध आला, की तीच लाट आखूड आणि उभी होते. उंची फार वाढली नाही, तरी लहान बोटीला ती अंगावर येते. जाताना दीड तास लागलेलं अंतर परतताना तोंडावर वारा घेऊन तीन तासांचं होतं. आणि सगळ्यात वाईट जागा शेवटी असते. आमच्या बंदराच्या तोंडाशी खडप आहे, मोठी लाट तिथे फुटते. तांडेल साडेअकराला जे बघतो ते त्या वेळचं पाणी नसतंच. दुपारी तीन वाजता बंदराच्या तोंडाशी काय असेल, हे तो बघत असतो. तुम्हाला परतताना फारसा त्रास झाला नसेल, तर त्याने वेळेवर बोट वळवली असाच त्याचा अर्थ आहे.

आमच्या घरात बोट वेळेआधी परतली तर कुणीही ‘का आलात?’ विचारत नाही. आई किनाऱ्यावर उभी असायची, बाबा रिकाम्या टोपल्या घेऊन उतरले तरी ती आधी चहाचं विचारायची. तोट्याचा हिशेब नंतर होतो, आणि होतोच, कारण जाण्याचं डिझेल जळलेलं असतं, खलाशाची मजुरी द्यायची असते. म्हणून वाऱ्यामुळे वळवलेल्या बोटीचे निम्मे पैसे मागणं मला पटत नाही. उलट पैसे परत द्यावे लागतील या भीतीने एखादा तांडेल अर्धा तास जास्त थांबला, तर त्याची किंमत कोण देणार?

दोन गोष्टींत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. ‘सुरमई नक्की’ असं सांगणं चूक. मासळीची हमी कुणीच देऊ शकत नाही. जवळच्या पाण्यात पूर्वी रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, जेवढं लागायचं तेवढं आता लागत नाही, हे इथला प्रत्येक माणूस जाणतो, आणि जाणूनही पाहुण्याला खोटी आशा लावणं मला आवडत नाही. दुसरं, तांडेलाने तुम्हाला दोन वाक्यं जास्त सांगायला हवी होती. पाहुणा पैसे देऊन आलेला असतो, त्याला कारण कळलं पाहिजे.

पुढच्या वेळी हे आधी लिहून घ्या: बंदरातूनच निघता आलं नाही तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, जागेवर पोहोचण्याआधी वळावं लागलं तर डिझेल-मजुरी वजा करून उरलेले, गरवायला सुरुवात झाल्यावर वळलो तर परत काही नाही. आम्ही असंच ठरवतो. आणि पाण्यात असताना ‘अजून थोडं थांबू या की’ असं चौघांपैकी एकानेही म्हणू नये. तांडेल माणूसच आहे, आग्रहाचा त्याच्यावरही परिणाम होतो.

नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा यांच्यासोबत मलाही यायचं आहे. मला घाटातल्या एसटीतही मळमळतं. शिवाय बोटीवर बायकांची सोय असते का? हे कुणाला विचारावं तेच कळत नाही. (एक वाचिका, डोंबिवली)

मलाच विचारा, बरं झालं लिहिलंत. बऱ्याच लहान बोटींवर शौचालय नसतं. काहींवर आडोसा आणि बादली असते, मोठ्या बोटींवर छोटी खोली असते. ठरवतानाच स्पष्ट विचारा. आडोशाची सोय असेल तर सैल सलवार-कुडता बरा पडतो. सोय नाही म्हणून पाणी पिणं सोडू नका; उन्हात, खाऱ्या हवेत दिवसभर पाण्यावाचून बसलं की डोकं धरतं, उलट्या वाढतात. पाळी चालू असेल तर मोठी बोट निवडा किंवा तारीख बदला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मळमळीवरचं औषध बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही. अवोमीनसारखी गोळी आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते. तिने झोप येते, म्हणून तुमच्यासाठी आणि मुलासाठीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. रिकाम्या पोटी निघू नका. पहाटे थोडी पेज किंवा भाकरी खा, तेलकट टाळा. बोटीवर मधल्या-मागच्या भागात बसा, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, हेलकावा जास्त असतो. डिझेलचा धूर तोंडावर येणार नाही अशी बाजू घ्या. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये किंवा गळाला आमिष लावण्यात मान खाली घालू नका. ते काम नवऱ्याला द्या. आलेपाकाच्या वड्या जवळ असू द्यात, बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं.

तरीही पहिल्यांदाच येत असाल तर पूर्ण दिवस घेऊ नका. आधी सकाळचे चार तास घ्या. नऊ वर्षांच्या मुलालाही तेवढंच पुरतं. त्याचं लाइफ जॅकेट मात्र लहान मापाचं आहे का ते विचारा. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

मासे मिळाले तर कोल्हापूरपर्यंत चांगले कसे न्यायचे? आणि लहान मासे सोडून द्यावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

काळजी बोटीवरच सुरू करा. मासा वर आला की कल्ल्यांजवळ कापून रक्त जाऊ द्या, आणि बर्फात समुद्राचं पाणी घालून केलेल्या काल्यात बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवला तर तो एका बाजूनेच गार होतो. कुपा, बांगडा, सुरमई उन्हात पडून राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. मग अंग लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. ते शिजवून किंवा तळून जात नाही, आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. म्हणून फोटो काढायला मासे फळीवर मांडून ठेवू नका. किनाऱ्यावर पोट आणि कल्ले काढून घ्या आणि पेटीत मासळीइतकाच बर्फ भरा. वितळलेलं पाणी वाटेत काढत राहा.

लहान मासा जरूर सोडा. राज्य सरकारने बऱ्याच जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, तो तांडेलाला विचारा. पण खोल तळावरून वर ओढलेला तांबोशी किंवा गोबरा वरच्या पाण्यात पोट फुगून तरंगतो. त्याच्या अंगातली हवेची पिशवी फुगलेली असते, त्याला खाली जाता येत नाही. तो सोडला तरी बहुधा जगत नाही. तिथे लहान मासेच लागत असतील तर जागा बदलायला सांगा, आणि घरापुरते मिळाले की गरी वर घ्या.

शिंगाळा लागला तर गळ स्वतः काढू नका, खलाशाला द्या. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, कळ कमी होते. मग किनाऱ्यावर उतरून डॉक्टरांना दाखवा. पाकटाच्या शेपटीचंही तेच. आणि फुगणारा केंड मासा लागला तर तो सरळ पाण्यात सोडा. त्याचं विष जिवावर बेततं. तो घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका.