कोकणातलं पाणी घाट चढेल, पण वीजबिलाचं काय?

कोकणातून समुद्रात जाणारं पाणी उचलून गोदावरीत आणणं खरंच होण्यासारखं आहे का? – एक शेतकरी, गेवराई

आहे. पंप, बोगदे, मोठ्या व्यासाचे पाइप, सगळं मिळतं. पण धरण एकदाच बांधायचं असतं, उपसा रोज करावा लागतो. हजार लिटर पाणी 500 मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता 75 टक्के धरली, तर साधारण 1.8 युनिट वीज लागते. एक टीएमसी म्हणजे 2.83 कोटी घनमीटर. म्हणजे पाच कोटींहून जास्त युनिट. सात रुपये दराने एका टीएमसीचं बिल 36 कोटी, तेही दरवर्षी. बांधकाम, व्याज, पाइपातल्या घर्षणाची तूट यात धरलेलीच नाही.

हे पाणी उसाला दिलं तर? एकराला ढोबळमानाने 80 लाख लिटर धरा. एकरी लाख रुपये नुसती वीज! एवढी पाणीपट्टी कोणता शेतकरी भरू शकेल? पण पाच माणसांच्या घराला माणशी रोज 55 लिटर दिलं, तर वर्षाची वीज तेराशे रुपयांच्या आत बसते. म्हणून मी या योजनेच्या बाजूने आहे, पण फक्त पिण्याच्या पाण्यासाठी.

जायकवाडीची उंची वाढवली तर स्वस्तात भागेल ना? – एक वाचक, पैठण

नाही. जायकवाडीच्या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा पसारा सुमारे 350 चौरस किलोमीटर, साठा 102 टीएमसी. सरासरी खोली भरते आठ मीटर. असं उथळ धरण उंच केलं की आणखी गावं बुडतात आणि उन्हात उडून जाणारं पाणी वाढतं. शिवाय वरून पाणीच आलं नाही, तर उंच भिंत काय अडवणार?

2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. तीच कायम का नाही? – एक शिक्षिका, लातूर

पन्नास वाघिणींच्या एका खेपेत 25 लाख लिटर यायचं. चार लाख वस्तीला माणशी सहा लिटर. त्या उन्हाळ्यात तेवढ्यानेही मोठा आधार दिला, पण शहर त्यावर चालत नाही.

नव्या योजना ऐकतो, आमच्या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला मात्र पाणी पोचत नाही. – एक शेतकरी, परभणी

तुमचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा. अस्तर उखडलं, चाऱ्या (कालव्यातून शेताकडे जाणारे पाट) गाळाने भरल्या, दारं गळू लागली की पाणी वाटेतच मुरतं. दुरुस्तीने वाचलेलं पाणी उताराने आपोआप येतं, त्याला एक युनिटही वीज लागत नाही. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेमार्फत कालवा सुटण्याआधी आणि नंतर चारीच्या तोंडाशी प्रवाह मोजून घ्या, लेखी नोंद ठेवा. त्या आकड्यांवर दुरुस्तीचा निधी मागता येतो.