पूर्ण दे, पूर्ण माग

प्रिय,

पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटचा आनंद मलाही तुझ्याइतकाच आहे, पण पेढ्यांचं नंतर बघू. आधी तुझा तो हिशेब. उरलेलं भाडं द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणायचं आणि चावी एजंटच्या हातात टेकवून मोकळं व्हायचं. हे तुला शिकवलं कोणी?

"स्वतःचं घर घेतलंय म्हटल्यावर मालक समजून घेतीलच ना, काकू?" अगं, घेतील किंवा नाही घेणार. करारात तसं कलम नसेल तर घरखरेदी, लग्न, बदली यांतल्या कशानेच लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत, मोडत नाही. तुझा इंदिरानगरचा करार 11 महिन्यांचा, लॉक-इन 6 चं, झालेत 4. म्हणजे 2 महिन्यांचं भाडं तू देणं लागतेस. नोटिशीचा महिना त्यातच धरता येतो की लॉक-इन संपल्यावर सुरू होतो, ते कलम आजच वाच. बऱ्याच जणांचा तिथेच एक महिना वाढतो.

हप्ता आणि भाडं दोन्ही कसं झेपणार, हे मला कळतं. ओढाताण होईल. तरीही पूर्ण दे.

आम्ही पंचवटीतलं भाड्याचं घर मुदतीआधी सोडलं, तेव्हा राहिलेलं भाडं मी रोख मोजून दिलं. त्या पैशांत नव्या स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या झाल्या असत्या, हे तुझ्या काकांनी मला पुढे किती वर्षं ऐकवलं! झाल्या असत्याच. डबे जमिनीवर मांडून मी स्वयंपाक केला, आणि त्याची चुटपुट अजून आहे. पण मालक रंगाचे पैसे कापायला निघाले, तेव्हा मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसू शकले ते त्याच जोरावर. माझ्याकडे एक पैसा बाकी नव्हता. दर आठवड्याला गेले, चहा नाकारला, डिपॉझिट सगळं घेऊन आले. नातेवाईक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. भाडं बुडवून डिपॉझिट सोडून येणाऱ्यांनी मला व्यवहार शिकवू नये.

पूर्ण दे म्हणजे मागतील तेवढं दे, असं नाही हं. मालक "उरलेले सातही महिने भर" म्हणाले तर घाबरू नकोस. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 असं आहे की, दंडाचा आकडा करारात लिहिलेला असला तरी भरपाई वाजवीच मिळते. तो आकडा फक्त वरची मर्यादा. शिवाय घर रिकामं पडू नये म्हणून तूच भाडेकरू शोधून दे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नव्याने लागलेली मुलं घर शोधतच असतात.

आणि करार नोंदवलेला आहे ना? 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती झालेली नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. लगेच हसू नकोस! लॉक-इन तोंडी ठरलं असेल आणि तुला ते आठवत असेल, तर तेही पाळायचं. पूर्ण दे, मगच पूर्ण माग.

बिल्डरच्या "पुढच्या आठवड्यात नक्की"वर नोटीस देऊ नकोस. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी असल्याचा कागद, आणि ताबा मिळू दे, मग दे. नाहीतर सामान टेम्पोत आणि तू रस्त्यावर. चावी एजंटला नाही, मालकालाच द्यायची. त्यांच्यासमोर महावितरणच्या मीटरचं रीडिंग लिही, खोल्यांचे फोटो काढ, मेंटेनन्स चुकता केल्याची पावती दाखव आणि ताबा परत मिळाल्याची सही घे. डिपॉझिट त्याच वेळी. "नंतर ट्रान्सफर करतो" म्हणाले तर चावीही नंतर. रंगाचं कलम करारात असेल तर ते पैसे दे; नसेल तर भिंत वापराने मळली म्हणून रुपयाही नाही.

नोटिशीचा मसुदा लिहिलास की मला पाठव, बघून देते. "कृपया समजून घ्यावे, ही नम्र विनंती" असलं काही त्यात घालू नकोस. तारीख लिही, रक्कम लिही, कलमाचा नंबर लिही. तू त्यांना कळवते आहेस.

तुझी,
काकू