रंग बदलणाऱ्या लोकरीची टोपी विणली, पट्टे न येता डागच आले. असं का होतं? उरलेल्या लोकरीचं काय विणू?

तुम्ही लिहिलंय की भाच्याच्या टोपीसाठी दोन गुंडे आणले, वेष्टनावरच्या चित्रात सुरेख आडवे पट्टे होते, तुम्ही ८ नंबरच्या सुयांवर ९६ टाके घातले आणि चार बोटं विणून झाल्यावर टोपीवर कुणी रंगपंचमी खेळल्यासारखं दिसायला लागलं. दीड गुंडा शिल्लक आहे. लोकर चांगली आहे आणि तुमचा हातही बरोबर आहे. त्या लोकरीला ९६ टाके जास्त झाले, एवढंच.

हे इतकं ठामपणे सांगतेय कारण माझी यात एकदा चांगलीच फजिती झाली आहे. नणंदेच्या बाळंतविड्यातली कुंची, झबली, दुपटी बाकीच्यांनी वाटून घेतली होती, माझ्याकडे टोपडं आणि पायमोजे आले. मोजे आधी विणले, ३२ टाक्यांवर. पिवळा, केशरी, गुलाबी, जांभळा असे बोटभर रुंदीचे पट्टे ओळीने येत गेले आणि मी स्वतःवरच खूश. मग त्याच गुंड्यावर टोपडं घातलं, ८० टाक्यांचं. तर एका कानावर गुलाबी थारोळं, मागे पिवळा ढग आणि कपाळावर काय आहे ते सांगता येईना. सासूबाईंनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून विचारलं, "एकाच गुंड्यातलं ना गं हे?" त्या प्रश्नातच उत्तर होतं, पण ते माझ्या डोक्यात शिरायला टोपडं दोनदा उसवावं लागलं.

या लोकरीत धागा ठरावीक लांबीपर्यंत एका रंगात रंगवलेला असतो, मग पुढचा रंग, मग त्याच्या पुढचा, आणि सगळे रंग संपले की पुन्हा पहिल्यापासून. त्या एका रंगाच्या लांबीत तुमच्या किती सुया (म्हणजे ओळी) विणून होतात, त्यावर पट्टा ठरतो. चारपाच सुया झाल्या तर पट्टा, जेमतेम एक झाली तर डाग. चित्रातली वस्तू बहुधा मोजा किंवा अरुंद मफलर असते आणि आपण थेट टोपी नाहीतर स्वेटर घालायला बसतो.

दुकानात याला सरसकट 'शेडेड' किंवा 'मल्टी' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. वीतभर अंतरावर रंग बदलणारी लोकरही शेडेड, दोन ते पाच मीटरवर बदलणारीही शेडेड, आणि पांढऱ्यापासून निळ्यापर्यंत हळूहळू गडद होत जाणारा तो चपटा केकसारखा गुंडा, तोही शेडेडच. पट्ट्यांसाठी आपल्याला फक्त मधली हवी. वीतभरवालीचे पट्टे कुठल्याच वस्तूत येणार नाहीत. तिच्यासाठी आमच्याकडे जिला साबुदाण्याची वीण म्हणतात ती घ्या: एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या सुईला सुलटावर उलट, उलटावर सुलट. तिच्यात रंग दाण्यादाण्यांनी विखुरतो आणि थारोळी बरीच मोडतात.

आता मोजणी. मी गुंड्याचं टोक घेऊन जमिनीवर बसते. आमच्या हॉलमधल्या फरश्या दोन फुटी आहेत, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर. धागा न ताणता फरशीच्या कडेने सोडत जायचा आणि एक रंग किती फरश्या चालतो ते बघायचं. तुमच्यासारख्या जाडीच्या लोकरीचा एक गुंडा माझ्याकडे होता, त्यात एक रंग तीन फरश्या चालला, म्हणजे १८० सेंटिमीटर. दुसरी गोष्ट, आपल्या हाताला एका टाक्याला किती धागा लागतो. सुईवर काही टाके घालून दोन सुया विणा, मग धाग्यावर दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याची सैल गाठ मारून खूण करा, २० टाके विणा, पुन्हा खूण, आणि तेवढे उसवून दोन खुणांमधलं अंतर मोजा. ८ नंबरच्या सुईवर माझे ३२ सेंटिमीटर भरतात, म्हणजे टाक्याला १.६. तुमचा हात घट्ट असेल तर थोडं कमी येईल.

आता ९६ टाक्यांची एक सुई विणायला झाले सुमारे १५४ सेंटिमीटर. रंग आहे १८० चा. म्हणजे एक सुई संपून दुसरी जरा पुढे जाते न जाते तोच रंग बदलला. पुढच्या सुईला तो बदल आणखी सरकला, काठाशी दोन सुया एकावर एक आल्या तिथे रंगाचं डबकं झालं. तुमचा एक रंग किती लांब आहे ते मोजून बघाच, पण ९६ टाक्यांवर डाग पडले म्हणजे तो माझ्यासारखाच दोनेक मीटरच्या आसपास असणार. याच लोकरीवर १८ टाके घातले तर सुईला २९ सेंटिमीटर लागतील आणि एका रंगात सहा सुया निघतील. तो झाला पट्टा.

म्हणून पहिली वस्तू हेअरबँड. १८ टाके, दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं, कारण एक सुई सुलट एक सुई उलट विणलं की कडा वळतात आणि अरुंद पट्टीची पार नळी होते. डोक्याच्या घेरापेक्षा दोन इंच कमी लांबी झाली की टाके सैल हाताने बंद करा आणि टोकं शिवा. हिवाळ्यात पहाटे गाडीवर जाणारी मुलं हेल्मेटच्या आत कानावरून हाच घालतात, थोडा रुंद म्हणजे २२ टाक्यांचा. माझ्या हातचे असे किती गेले त्याची मोजदाद नाही.

दुसरी वस्तू बिनबोटांचे हातमोजे. हे ऐकायला अवघड वाटतं, पण साधा चौकोन आहे. ३६ टाके घालायचे, पहिला इंच दोन सुलट दोन उलट, मग हवं तसं, एकूण सात इंच झाले की बंद. घडी घालून बाजू शिवायची, फक्त अंगठ्यासाठी दोन इंच फट मोकळी सोडायची. मात्र ३६ टाक्यांना सुईला ५८ सेंटिमीटर लागतात, म्हणजे पट्टा तीनच सुयांचा, बारीक. तो रुंद करायची एक युक्ती आहे आणि ती मला फार आवडते: दोन सुया शेडेड लोकरीच्या, दोन सुया काळ्या किंवा मोतिया साध्या लोकरीच्या, असं आलटूनपालटून. शेडेड धागा निम्म्याच जागी लागतो, म्हणून प्रत्येक रंग दुप्पट उंचीपर्यंत पुरतो, आणि काळ्याशेजारी बाकीचे रंग उठून दिसतात. धागा तोडायचा नाही, काठाशी वर चढवत न्यायचा. शिवाय तुमचा दीड गुंडा पुरवठ्याला येतो.

भाच्याला टोपीच कबूल केली असेल तर ती आडवी विणा. टोपीच्या उंचीएवढे, म्हणजे पुन्हा ३६ टाके घाला, दोन्ही सुया सुलट, आणि डोक्याच्या घेराला पुरेल एवढी पट्टी विणा. दोन टोकं मागे शिवा, वरच्या काठातून दोरा ओवून घट्ट ओढा आणि गाठ मारा. पट्टे उभे येतील, बारीक येतील, पण पट्टेच येतील. नेहमीच्या टोपीत आणखी एक गंमत असते, शेंड्याकडे टाके कमी होत जातात तसे पट्टे आपोआप रुंद होतात. तुमचे डाग शेंड्याशी गेल्यावर पट्ट्यांसारखे दिसले असते, पण तोवर कोण थांबतो!

लहान बाळासाठी ही लोकर मला दुसऱ्याच कारणाने पसंत आहे. वेगवेगळे गुंडे जोडून पट्टे काढले की प्रत्येक रंगाची दोन शेपटं आत राहतात, कितीही ओवून टाका. बाळाची बोटं त्यात अडकतात. यात गुंडा एकच, म्हणून एका मोज्यात शेपटं दोनच.

जोडीच्या वस्तूंबद्दल मात्र सावध. दोन मोजे सारखे हवे असतील तर पहिला कुठल्या रंगाच्या सुरुवातीला घातला ते कागदावर लिहून ठेवा आणि दुसरा तिथूनच सुरू करा, मधला धागा बाजूला काढून. त्याचा वेगळा लहान गुंडा करा, अंगठ्याला किंवा गोंड्याला लागतो. आणि दिशा! मी एकदा गुंड्याच्या आतल्या टोकाने एक मोजा विणला आणि बाहेरच्या टोकाने दुसरा. एकात पिवळ्यानंतर केशरी येतो, दुसऱ्यात केशरीनंतर पिवळा. लांबून कळत नाही, पण एकदा दिसलं की डोळ्याला सारखं तेच दिसत राहतं. काहीजण मुद्दाम विजोड ठेवतात, तेही छान दिसतं, फक्त ते मुद्दाम केलेलं असावं.

परदेशात कुणी असेल आणि काय आणू विचारत असेल तर जर्मनीतली मोज्यांची लोकर मागा. ओपल आणि रेगिया ही नावं तिथे घराघरांत माहीत आहेत. १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४०० ते ४२५ मीटर धागा, तीन हिस्से लोकर आणि एक हिस्सा नायलॉन, त्यात मोठ्या माणसाची मोज्यांची जोडी होते. तिचे पट्टे ६० ते ६४ टाक्यांच्या मोज्याचा हिशोब धरूनच रंगवलेले असतात. बाळाच्या ४० टाक्यांच्या मोज्यावर सहा ओळींचा पट्टा नऊ-दहा ओळींचा होतो, हे आधीच धरून चाला. टाच विणताना निम्म्याच टाक्यांवर पुढेमागे जावं लागतं आणि पट्ट्यांची शिस्त तिथेच मोडते. त्यावर उपाय म्हणजे टाचेच्या जागी निम्मे टाके फालतू दोऱ्याने विणायचे, तेच टाके पुन्हा मोज्याच्या लोकरीने विणून तसंच पुढे जायचं. मोजा नळीसारखा पुरा झाला की तो दोरा काढायचा, सुटलेले वरचे-खालचे टाके सुयांवर उचलायचे आणि टाच साध्या एकाच रंगात विणायची.

जपानची नोरो हा वेगळाच प्रकार. तिच्यातल्या कुरेयॉन या लोकरीचं नाव म्हणजे 'क्रेयॉन'चा जपानी उच्चार, आणि रंग खरोखर खडूने ओढल्यासारखे एकमेकांत मिसळत जातात. ५० ग्रॅमला १०० मीटर, एकपदरी, कुठे जाड कुठे बारीक. पण ती टोचते, मधूनच काडीकचराही निघतो, बाळाच्या अंगाला नको. मैत्रिणीने आणलेल्या एका गुंड्यात मला मध्येच गाठ लागली आणि गाठीच्या पलीकडे जांभळ्यानंतर थेट हिरवा! कुठल्याही शेडेड लोकरीत हे होऊ शकतं. तशीच विणत जाऊ नका. गाठ सोडा, पुढचा धागा उलगडत जांभळ्यापर्यंत या आणि तिथे जोडा. निव्वळ लोकर असेल तर दोन्ही टोकं विंचरून, ओली करून, तळहातांत घासली की एकजीव होतात (जी लोकर मशीनमध्ये धुता येते तिची होत नाहीत). आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, तिला हा उपाय लागू नाही, तिथे सुईने ओवूनच घ्यावं लागतं. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्रीही फिरवू नका, वीण कायमची लोळागोळा होते.

नमुने इंटरनेटवरून घेत असाल तर सुयांचे नंबर मिलिमीटरमध्ये बघा. आपल्याकडे जुनी ब्रिटिश पद्धत, नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५. अमेरिकन पद्धत नेमकी उलटी, त्यांचा ८ नंबर ५ मिलिमीटरचा. त्यांच्या नमुन्यातला ८ वाचून आपली ८ ची सुई घेतली तर टोपी बाहुलीला होते.

वीण साधीच ठेवा. या लोकरीत पीळ आणि जाळी घालण्यात मला काही अर्थ वाटत नाही, रंग सगळं गिळून टाकतात.

टोपी उसवायची ठरवलीत तर उसवलेला धागा लगेच विणू नका, तो कुरळा झालेला असतो आणि टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून न पिळता सावलीत टांगा. वाळली की गुंडा करा, आणि बाहेर येणाऱ्या टोकाला उरलेल्या दीड गुंड्यातल्यासारखाच रंगांचा क्रम येतोय ना, तेवढं बघा. उलटा येत असेल तर गुंडा पुन्हा एकदा दुसऱ्या टोकाने करायचा, पाच मिनिटांचं काम आहे.