ईस्ट मिडलंड्समध्ये राहायला गेल्यावर माझी ‘कौन्सिल’ नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न असा: नोकरी नॉटिंगहॅममध्ये, भाड्याचं घर वेस्ट ब्रिजफर्डला, मुलगी येत्या सप्टेंबरात पहिल्यांदा शाळेत जाणार. कागदांवर कुठे ईस्ट मिडलंड्स, कुठे नॉटिंगहॅमशायर, कुठे रशक्लिफ. मग कर कुणाला भरायचा आणि शाळेचा अर्ज कुणाकडे करायचा?

कौन्सिल म्हणजे तिकडची स्थानिक स्वराज्य संस्था. घराचा कर (कौन्सिल टॅक्स) रशक्लिफ बरो कौन्सिलला, शाळेचा अर्ज नॉटिंगहॅमशायर काउंटी कौन्सिलकडे. पत्त्यात नॉटिंगहॅम असलं तरी नॉटिंगहॅम सिटी कौन्सिलशी तुमच्या घराचा संबंध नाही. आणि ईस्ट मिडलंड्स हे सरकारच नाही.

तो इंग्लंडच्या नऊ प्रदेशांपैकी एक. डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर, लेस्टरशायर, रटलंड, नॉर्थॅम्प्टनशायर आणि बहुतेक लिंकनशायर त्यात येतं. ‘बहुतेक’ म्हणायचं कारण, ग्रिम्सबी आणि स्कनथॉर्पकडचा पट्टा शेजारच्या यॉर्कशायर अँड द हंबरमध्ये मोजतात. १९९४ पासून केंद्र सरकारची प्रादेशिक कार्यालयं होती, ती २०११ मध्ये बंद झाली. आता हा प्रदेश उरलाय तो मुख्यतः आकडेवारीत (२०२१ च्या जनगणनेत सुमारे ४८.८ लाख लोक) आणि हवामानाच्या बातम्यांत. आपल्याकडे पुणे विभागाला निदान विभागीय आयुक्त तरी असतो.

त्यात भर म्हणून ‘ईस्ट मिडलंड्सचे महापौर’ असं एक पद आलं. पहिली निवडणूक मे २०२४ मध्ये झाली आणि क्लेअर वॉर्ड निवडून आल्या. पण त्यांचा अधिकार फक्त डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि त्यांतल्या डर्बी-नॉटिंगहॅम या दोन शहरांपुरता. लेस्टर, नॉर्थॅम्प्टन, लिंकन त्याच प्रदेशात असूनही बाहेर. वाहतूक, कौशल्य प्रशिक्षण, घरबांधणीचा निधी असली मोठी कामं तिकडे. कचरा उचलला नाही म्हणून त्यांना लिहून उपयोग नाही.

आता तुमचं घर. नॉटिंगहॅममध्ये ट्रेंट नदीवरचा ‘ट्रेंट ब्रिज’ हा पूल ओलांडून दक्षिणेला आलात की सिटी कौन्सिलची हद्द संपते आणि वेस्ट ब्रिजफर्ड सुरू होतं. ट्रेंट ब्रिजचं कसोटी मैदान या दक्षिण काठावर आहे, म्हणजे ‘नॉटिंगहॅमची’ कसोटी नॉटिंगहॅम सिटीच्या हद्दीत होतच नाही. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या फुटबॉल क्लबचं ‘सिटी ग्राउंड’सुद्धा नावालाच सिटीचं. पोस्टकोडवर मात्र अजिबात विसंबू नका. एनजी२ हा कोड नदीच्या उत्तरेला, सिटीतल्या मेडोज या वस्तीलाही आहे आणि दक्षिणेला वेस्ट ब्रिजफर्डलाही. कोड टपालाच्या सोयीचा असतो, हद्दीचा नाही. सरकारी संकेतस्थळावर, गव्ह डॉट यूकेवर, पूर्ण पोस्टकोड टाकून कौन्सिल शोधता येते. उत्तरात एकच नाव आलं तर सगळी कामं तिच्याकडे. दोन आली तर कामं वाटलेली आहेत असं समजा.

एक नाव येतं ते एकस्तरीय कौन्सिलचं: नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर, रटलंड, नॉर्थ नॉर्थॅम्प्टनशायर, वेस्ट नॉर्थॅम्प्टनशायर. बाकी चार काउंट्यांत दोन स्तर, वर काउंटी आणि खाली रशक्लिफसारख्या एकूण २९ जिल्हा कौन्सिल. पुणे जिल्हा परिषदेचा कारभार पुणे महापालिकेच्या हद्दीत चालत नाही, तसंच नॉटिंगहॅमशायर काउंटीचं नॉटिंगहॅम शहरात काही चालत नाही. डर्बीशायर काउंटीचं मुख्यालयही डर्बीत नसून मॅटलॉकला आहे.

तुमच्याकडे वाटणी साधारण अशी. दारातला कचरा, कर वसुली, मतदार यादी, बांधकाम परवानगी, खाण्याच्या जागांची स्वच्छता तपासणी हे रशक्लिफचं. शाळा, वृद्धांची काळजी, ग्रंथालयं, बहुतेक रस्ते हे काउंटीचं. डब्यातला कचरा रशक्लिफ उचलते, पण जुनी गादी गाडीत घालून जिथे टाकायला न्याल ते केंद्र काउंटीचं. खड्ड्याची तक्रार काउंटीकडे, पण तो ए५२ या महामार्गावर असेल तर नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीकडे. चुकीच्या जागी केलेली तक्रार पुढे पोचतेच असं नाही.

कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टी नव्हे. घरपट्टी मालकाची, हा कर साधारणपणे राहणाऱ्याचा. फक्त खोली-खोलीने भाड्याने दिलेल्या घरात तो घरमालकावर पडतो. १ एप्रिल १९९१ ला घराची किंमत काय असती यावर ‘ए’ ते ‘एच’ असे गट ठरतात, घर परवा बांधलेलं असलं तरी. ‘डी’ गट ६८,००० च्या वर ते ८८,००० पौंडांपर्यंत. ‘ए’ला त्याच्या दोन तृतीयांश कर, ‘एच’ला दुप्पट. घर पाहताना भाड्याबरोबर गटही विचारा. बिल एकच येतं, पण त्यात काउंटी (सगळ्यात मोठा वाटा), पोलीस, अग्निशमन आणि रशक्लिफ यांचे आकडे वेगळे असतात. वेस्ट ब्रिजफर्डला स्वतःची पॅरिश कौन्सिल, म्हणजे ग्रामपंचायतीसारखं काही, नाही. म्हणून तिथल्या बागा वगैरेंचा खर्च ‘विशेष खर्च’ म्हणून लावतात. ती चूक नव्हे.

हप्ते सहसा दहा, एप्रिल ते जानेवारी. मागितले तर बारा मिळतात. घरात एकच प्रौढ असेल तर २५ टक्के सूट, म्हणजे कुटुंब मागून येणार असेल तर तोवरची सूट मागून घ्या. कर साधारणपणे भाडेकरार सुरू होतो त्या दिवसापासून लागतो, तुम्ही अजून पुण्यात सामान बांधत असलात तरी. नेहमीचा घोळ असा: लोक ‘नॉटिंगहॅम कौन्सिल’ शोधून सिटीकडे नाव नोंदवतात आणि रशक्लिफचा हप्ता थकतो. स्मरणपत्रानंतर सात दिवसांत भरला नाही तर हप्त्यांची सवलत जाऊ शकते, वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागतात आणि पुढे कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च वेगळा.

शाळेचं: पहिल्या प्रवेशाची मुदत १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलला. माध्यमिकसाठी ३१ ऑक्टोबर आणि १ मार्च. अर्ज मूल राहतं तिथल्या काउंटीकडेच करायचा, यादीत नदीपलीकडच्या सिटीतल्या शाळा असल्या तरी. मुदतीनंतरचे अर्ज वेळेवर आलेल्यांच्या मागे लागतात आणि वेस्ट ब्रिजफर्डसारख्या मागणीच्या भागात मग जवळची शाळा हातची जाते.

मतदार यादीत नावही घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे वैध व्हिसावर तिथे मतदान करू शकतात, संसदेच्या निवडणुकीतही. पुढे कर्ज, मोबाइल करार यांच्या पत तपासणीत या नोंदीचा उपयोग होतो.

आणि हे सगळं बदलणार आहे. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने दोन स्तरांची पद्धत मोडायचं जाहीर केलं. नवीन एकस्तरीय कौन्सिल २०२८ च्या आसपास आणायचा बेत आहे. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये ते आधीच झालं: काउंटीने २०१८ मध्ये पैसे संपल्याची नोटीस काढली आणि १ एप्रिल २०२१ ला काउंटीसकट सात जिल्हा कौन्सिल जाऊन दोनच उरल्या. तुमच्याकडे तो दिवस आला की बँकेतल्या थेट वजावटीचं नाव तेवढं तपासा.