घरच्या अळसांद्यातून चाऱ्याचा वाण निवडता येईल का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात चार गायी, पावसाळी भात कापल्यावर ओलीवर पेरलेली चवळी आणि दरवर्षी ती मोझॅक या विषाणूच्या रोगाने पिवळी पडते. तर अळसांदा म्हणजे गोव्याच्या गावठी चवळीतूनच चाऱ्याचा चांगला वाण काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येईल. चवळीत स्वपरागीभवन होतं, म्हणून निवडलेल्या रोपाचे गुण पुढे बऱ्यापैकी टिकतात. लसूणघासाचं तसं नाही, तिथे मधमाश्या सगळी सरमिसळ करतात. मात्र दुकानातलं एकाच वाणाचं बी घेऊन त्यात निवड करत बसू नका. ती रोपं सारखीच असतात. एखादं जोमदार दिसलं तर त्याच्या मुळाशी शेण जास्त पडलेलं असतं, इतकंच. वेगवेगळ्या गावांतलं घरचं बी गोळा करा.

आता रोग. फवारणी अजिबात नको. दर चार-पाच ओळींमागे हमखास पिवळी पडणाऱ्या चवळीची एक ओळ पेरा, म्हणजे पांढरी माशी आणि मावा तिथून रोग सगळीकडे नेतील. निरोगी शेतात दणकट कोण ते कळतच नाही. जे रोप हिरवं राहील त्याला सुतळी बांधा, पण लगेच भुलू नका, माशी त्यावर बसलीच नसेल. त्याचं बी वेगळं ठेवून पुढच्या हंगामात स्वतंत्र ओळ लावा. ओळच्या ओळ हिरवी राहिली तर खरं. पिवळ्या रोपाचं बी ठेवू नका, काही मोझॅक बियांतूनही येतात.

चारा फुलोऱ्यात कापायचा, मग बी कुठून येणार? म्हणून अर्धी ओळ कापा, अर्धी राखा. हिरव्या वजनात पाणीच जास्त, तेव्हा वाळवून तोला आणि पानं किती, कांड्या किती तेही बघा. तुलनेला शेजारी झाशीच्या चारा संशोधन संस्थेची बुंदेल लोबिया-1 ही चाऱ्याची चवळी लावा.

रोगाला दाद न देणारी ओळ एक आणि भरघोस ओळ दुसरी निघाली, तर संकर करावा लागेल. फूल पहाटे उमलतं तोवर त्याचे परागकण गळलेले असतात, म्हणून आदल्या संध्याकाळीच कळी चिमट्याने उघडून पुंकेसर काढायचे. नाजूक काम आहे, बऱ्याच कळ्या गळतात. पुढे गुण स्थिर व्हायला पाच-सहा पिढ्या जातात. त्यापेक्षा आधी जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा, अळसांद्यावर त्यांनी काम केलंय.

वाण स्थिर झाला तर 2001च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याचा वाण म्हणून तुमच्या नावावर नोंदवता येतो. तोवर प्रत्येक ओळीचं थोडं बी शेजाऱ्याकडेही ठेवा. भुंगा लागला की डबाच्या डबा जातो.