मडगार्ड कापलेली गाडी विकायला काढली, आणि विसार अडकला

निपाणीजवळच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे केए-२३ (चिकोडी आरटीओ) पासिंगची फोर्ड मस्टंग आहे. २०२१ मध्ये त्यांनी चारही मडगार्डचा पत्रा कापून वाइडबॉडी किट (चाकांवरची बॉडी रुंद करणारे भाग) बसवलं, त्यावर नऊ लाख घातले. आता कोल्हापूरच्या एका गृहस्थांशी ४२ लाखांना व्यवहार ठरला आणि एक लाख विसार मिळाला. स्टॅम्प पेपरवर मराठीत लिहिलं, "गाडी ओरिजिनल कंडिशनमध्ये आहे." नंतर गिऱ्हाइकाचा मिस्त्री आला, त्याने चाकाच्या वर हात घातला आणि कापलेली कड त्याला सापडली. आता गिऱ्हाईक म्हणतं, आठ लाख कमी करा, नाहीतर विसार दुप्पट परत द्या, नाहीतर पोलिसांत जातो. वाचकांचं म्हणणं असं की फोटोत किट स्पष्ट दिसत होतं, आणि नऊ लाख घातल्यावर किंमत वाढायला हवी.

तुमच्या पत्रात खर्चाचा आकडा तीन वेळा आला आहे, म्हणून आधी तेवढंच बोलतो. तुम्ही काय घातलंत यावर गाडीची किंमत ठरत नाही. बाजारात गिऱ्हाईक काय देईल यावर ती ठरते आणि कोर्टही तेच बघतं. बिलं जपून ठेवा, पण ती किमतीचा पुरावा म्हणून फार कामाची नाहीत.

किंमत का उतरते ते मात्र नीट समजून घ्या, कारण हौशी गिऱ्हाईक मिळालं तरी ही अडचण सुटत नाही. मस्टंगचे पुढचे मडगार्ड नट-बोल्टवर असतात. जुने काढून नवे बसवले की गाडी होती तशी दिसते. मागची बाजू तशी नाही. तो पत्रा बॉडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेला असतो आणि चाकावरच्या कडेला आतला व बाहेरचा पत्रा एकमेकाला जोडलेला असतो. ती कड कापली की परतीचा रस्ता म्हणजे अख्खं पॅनेल कापून नवं वेल्ड करायचं. तसं केलं तरी जाणता माणूस रंगाची जाडी मोजून ते ओळखतो. कापलेली कड नीट बंद केली नसेल तर आपल्याकडच्या पावसात तिथून गंज चढतो. अलॉय व्हील, रॅप, सीट कव्हर काढता येतात, कापलेला पत्रा पुन्हा उगवत नाही. मूळचे पुढचे मडगार्ड अजून घरात असतील तर कृपा करून मोडीत देऊ नका.

याहून मोठं कारण कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील आणि कंपनीने दिलेला मूळ तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने एकदा याबाबत सैल भूमिका घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात रद्द केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमचं काम २०२१ चं, म्हणजे त्यानंतरचं. शिवाय कायद्याप्रमाणे नसलेल्या गाडीची नोंदणी आरटीओ कलम ५३ खाली स्थगित करू शकतो. आता त्या कोल्हापूरच्या गृहस्थांच्या जागी बसून बघा. चिकोडीहून एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) घेऊन ते गाडी कोल्हापूरला नेणार, तिथे नवा नंबर मागताना गाडी तपासणीला दाखवावी लागू शकते. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोल नाका ओलांडला की ही डोकेदुखी त्यांच्या गळ्यात. ते जे आठ लाख कमी मागतात, त्यात या डोकेदुखीची किंमतही धरलेली आहे.

आता मुद्दा स्टॅम्प पेपरचा, आणि इथे मला तुमची काळजी वाटते. 'ओरिजिनल कंडिशन' हे शब्द तुम्ही सहज लिहिले असतील. पण मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. तुमची गाडी जुळत नाही. फोटोत किट दिसत होतं हे खरं, त्याचा तुम्हाला थोडा आधारही आहे, कारण डोळ्यांसमोर असलेलं लपवलं असं कोणी म्हणू शकत नाही. मात्र किटखालचा पत्रा कापला आहे की किट वरून बसवलं आहे, हे फोटोवरून कळत नाही. त्यामुळे तुमची बाजू लंगडी आहे.

विसार दुप्पट परत देण्याची रीत आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारातून आली आहे. तसं करारात लिहिलं नसेल तर ती बंधनकारक नाही. लिहिलं असलं तरी करार कायद्याच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाईच देतं. हाच नियम तुम्हालाही लागू आहे. वर्णन तुमच्याकडून चुकलं असताना विसार जप्त करणं टिकणार नाही.

पोलिसांच्या धमकीने घाबरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला सुरुवातीपासून बेइमानीचा हेतू दाखवावा लागतो. त्या गृहस्थांनी मागण्याआधीच तुम्ही मोकळेपणाने किटचे फोटो पाठवलेत, ते व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. ग्राहक आयोगाकडे त्यांना जाता येणार नाही, कारण तुम्ही गाड्यांचे व्यापारी नाही. दिवाणी दावा मात्र ते लावू शकतात, आणि विसार कोल्हापुरातून आला असेल तर तिथेही लावू शकतात. निपाणीत लागला तर तुमच्या मराठी कागदाचं कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर द्यावं लागेल.

माझा सल्ला सरळ आहे: एक लाख बँकेतून परत करा, मेसेजमध्ये व्यवहार रद्द झाल्याचं लिहा, आणि जुन्या स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्यांनी 'रद्द' लिहून घ्या. त्यांना अजूनही गाडी हवी असेल तर नवा करार करा. त्यात कुठला पत्रा कापला, कधी कापला, आरटीओची परवानगी नव्हती, हे सगळं येऊ द्या. हा मजकूर मात्र वकिलाकडून तपासून घ्या, कारण तो तुमचीच कबुली ठरतो. किती कमी करायचे हे दोघांना मान्य असलेल्या मूल्यांककाकडून ठरवा. आठ लाख जास्त वाटतात, पण शून्य तर नक्कीच नाही.

विमा कंपनीला बदल कळवला होता का, तेही पॉलिसी काढून बघा. कळवला नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. तोवर गाडी रस्त्यावर न काढलेली बरी.

आणि विक्री झालीच तर आरटीओचे फॉर्म २८, २९ आणि ३० (एनओसी आणि मालकी बदलाचे अर्ज) पूर्ण झाल्याशिवाय चावी देऊ नका. नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची जबाबदारी त्याची, मग गाडी आधीच विकली असली तरी. परराज्यात विकताना एनओसी पाठवायची मुदत ४५ दिवस आहे. त्या काळात गाडी कोल्हापुरात फिरत असेल आणि कागदावर नाव तुमचंच असेल, तर नोटीस निपाणीलाच येईल. म्हणून चावी देताना पावतीवर तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या.